चमच्यानं छापलेलं चित्र

शाळेत ठसेकाम सगळ्यांनीच केलेलं असतं. भेंडी आडवी कापायची, रंगात टेकवायची आणि वहीवर दाबायची. पाकळ्यांचं फूल उमटतं. बटाट्याला मेहनत जास्त. तो अर्धा कापून त्याच्या सपाट तोंडावर ब्लेडनं पान कोरावं लागतं. आमच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाटाच बटाटा, त्यामुळे कोरायला माल भरपूर होता. पानाच्या शिरा कोरून काढल्या की कागदावर त्या शिरा पांढऱ्या राहायच्या आणि पान हिरवं यायचं. कोरलं ते पांढरं, ठेवलं ते रंगीत. लाकडावरून छापलेल्या चित्राचं, म्हणजे वुडकटचं, सगळं शास्त्र एवढ्या वाक्यात आहे. पुढे जे शिकावं लागतं, ते हे वाक्य हाताला पटवण्यासाठी.

मी पुण्यात चित्रकलेच्या कॉलेजात शिकते, घर कळंबला. पुणे-नाशिक रस्त्यानं मंचर मागे टाकलं की नारायणगावच्या अलीकडे, घोड नदीच्या काठी आमचं गाव. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या रेखाकला परीक्षा दिल्या, तेव्हा स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि पोस्टर कलरनं भरलेलं संकल्पचित्र एवढीच चित्रकला माहीत होती. कॉलेजात पहिल्यांदा मुद्राचित्रणाच्या खोलीत गेले आणि शाई, टर्पेंटाइन, ओलसर कागद यांच्या मिसळलेल्या वासानंच माझं ठरलं. तिथे एका चित्राच्या अनेक प्रती काढतात, पण त्या झेरॉक्ससारख्या नव्हेत. प्रत्येक प्रतीसाठी ठशाला नव्यानं शाई लावायची, नव्यानं कागद ठेवायचा आणि नव्यानं दाब द्यायचा. म्हणून प्रत्येक प्रत मूळ चित्रच मानली जाते.

त्या खोलीत चार तऱ्हेची कामं चालतात. एचिंगमध्ये जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं रेषा खोल करतात, त्या खोल रेषांत शाई भरतात आणि वरचा पत्रा पुसून घेतात. ती शाई बाहेर ओढून घ्यायला ओला कागद आणि लोखंडी रुळांमधला जबरदस्त दाब लागतो. लिथोग्राफीत दगड सपाटच राहतो; तेलकट जागा शाई धरते, पाण्यानं भिजलेली जागा ती झिडकारते. त्यालाही प्रेस लागतं, आणि तो चुनखडीचा दगड हलवायला दोन माणसं लागतात. सेरिग्राफीत ताणलेल्या जाळीतून रंग खाली उतरवतात. चौथी तऱ्हा उठावाची, लाकडाची किंवा लिनोची. इथे शाई सगळ्यात वरच्या पातळीवर असते, कागदाला भिडायला तयार. त्यामुळे दाब थोडा पुरतो. इतका थोडा, की मनगटाची ताकद आणि स्वयंपाकघरातला एक लाकडी चमचा एवढ्यावर काम भागतं.

मला सांगायचं आहे ते हेच. मुद्राचित्रण मनापासून शिकलेली गावाकडची मुलं कॉलेज संपलं की ते सोडून देताना मी पाहिली आहेत, कारण घरी प्रेस नसतं आणि ते विकत घेण्याची ऐपतही नसते. वुडकट करणाऱ्यावर ही पाळी येत नाही. प्रेस येण्याच्या कितीतरी आधीपासून ही कला आहे. चीनमध्ये ८६८ साली छापलेली वज्रच्छेदिका सूत्राची लांबलचक गुंडाळी लाकडी फळ्यांवरून छापली आहे, आणि तिच्या सुरुवातीला उपदेश करणाऱ्या बुद्धाचं भरगच्च चित्र आहे. जपानमध्ये होकुसाईची १८३१ च्या सुमाराची ती प्रसिद्ध लाटही चेरीच्या लाकडावरून, कागदाच्या पाठीवर हातानं घासूनच उतरवलेली. एवढी नाजूक रेषा जर प्रेसशिवाय येते, तर आपल्या पडवीत बसून का येणार नाही?

एक चित्र धरून पुढे जाऊ, म्हणजे नीट कळेल. आमच्याकडे कांदा साठवायला बराख असते. जमिनीपासून उचललेली, वर छप्पर, आणि वारा खेळावा म्हणून दोन्ही बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या. उन्हाळी कांदा काढून त्यात भरला की पावसाळ्यात बाजार पाहून बाहेर काढतात. दुपारी आत बसलं की अंधारात उजेडाच्या उभ्या चिरा दिसतात. आजी तिथे बसून सडके कांदे वेगळे करते, तेव्हा त्या चिरा तिच्या खांद्यावरून, हातावरून, लुगड्याच्या काठावरून वाकत जातात. हे चित्र जलरंगात करायचं तर मला पांढऱ्या कागदावर अंधार चढवत न्यावा लागेल. लाकडाच्या फळीत अंधार आधीच आहे. न कोरलेली फळी शाई लावून छापली तर पूर्ण काळा चौकोन येतो, आणि पुढचा प्रत्येक घाव त्यात उजेड सोडतो.

म्हणून विषय निवडतानाच विचारायचं, की यात उजेड कुठून येतो. भर दुपारी सगळीकडून उजळलेला शिवनेरीचा डोंगर पाहायला कितीही देखणा असला तरी लाकडाला तो फारसा मानवत नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटातला धुरळा मला फार आवडतो, पण धुरळा म्हणजे करडेपणा, आणि लाकडाकडे करडा रंग नाही. तो काळ्या-पांढऱ्या बारीक रेषा शेजारी शेजारी ठेवून भासवावा लागतो. करता येतो, पण हात बसल्यावर. सुरुवातीला बराख, चुलीपुढचा चेहरा, रात्रीचा उसाचा फड, ढाब्याच्या दिव्याखाली उभा ट्रक असे विषय घ्यावेत.

आता लाकूड. ओंडका उभा चिरून काढलेल्या फळीवर कोरतात ते वुडकट. ओंडका आडवा कापला की जे गोल तोंड दिसतं, त्यावर कोरतात ते वुड एनग्रेव्हिंग. ते तोंड इतकं टणक आणि एकजीव असतं की त्यावर केसासारखी रेषा टिकते. इंग्लंडच्या थॉमस बेविकनं अठराव्या शतकाच्या अखेरीस बॉक्सवुडच्या अशा तोंडांवर पक्ष्यांची पिसं कोरून दाखवली. पण तशी लाकडं लहान असतात, महाग असतात आणि त्यांना हत्यारंही वेगळी लागतात. आपण फळीच घ्यावी.

सागवान सगळीकडे मिळतं आणि टिकाऊही आहे, पण त्याच्या अंगावर उघडी छिद्रं असतात; सपाट काळ्या भागात ती बारीक पांढऱ्या रेघांसारखी उमटतात. आंबा स्वस्त आणि मऊ, पण एकाच फळीत कुठे भुसभुशीत तर कुठे चिवट लागतो, आणि त्याला भुंगा लवकर धरतो. मला शिवण सगळ्यात आवडते. मऊ, एकसारखी, आडवी कोरतानाही फारशी तुटत नाही. कॉलेजात बहुतेकजण प्लायवूडच वापरतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. मोठा आकार स्वस्तात मिळतो. फक्त त्याचा वरचा थर पातळ असतो. तंतूंना आडवं कोरलं की तो सालपटासारखा उडतो. एमडीएफला तंतूच नसतात, त्यामुळे कोरायला सोपं, पण ते लाकडासारखं काहीच बोलत नाही. लिनोलियम तर जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा तागाच्या कापडावर बसवून केलेलं. ऊन दाखवलं की मऊ होतं, शिकायला उत्तम. माझा जीव मात्र लाकडात आहे, कारण लाकडाला स्वतःचा कल असतो आणि चित्र त्या कलानं थोडं बदलतं.

गावात फळी मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे सुतार. दार, चौकट, पलंग करून उरलेले तुकडे त्यांच्याकडे पडलेले असतात. आमच्या सुतारकाकांकडे मी एकदा नवी, स्वच्छ दिसणारी फळी निवडली. त्यांनी ती हातावर तोलली आणि बाजूला ठेवली. ‘‘पोरी, हिच्यात अजून पाणी हाय. पिळंल. ही जुनी ने.’’ जुनी म्हणजे मोडलेल्या कपाटाचा पाट होता, खिळ्याची भोकं असलेला. त्यांचं म्हणणं पुस्तकात सांगतात तेच आहे. ओल राहिलेलं लाकूड सुकताना बाक धरतं, आणि बाक धरलेल्या फळीला रोलर मधेच टेकतो, कडांना टेकतच नाही. जुनं, उन्हापावसाला सरावलेलं लाकूड बसून गेलेलं असतं. खिळ्याची भोकं चित्रात घ्यायची किंवा टाळायची, तो आपला प्रश्न.

फळी साधारण पाऊण इंच जाड असावी. तिला रंधा मारून घ्यायचा, मग पॉलिश पेपर, आधी जाडा, नंतर बारीक, नेहमी तंतूंच्या दिशेनं. काळे भाग एकदम सपाट हवे असतील तर एवढं पुरे. तंतू मुद्दाम दिसायला हवे असतील तर तारेचा ब्रश त्याच दिशेनं जोरात फिरवायचा. मऊ भाग खरवडून जातो, कडक भाग वर राहतो आणि छापल्यावर लाकडाची वर्षं दिसू लागतात. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकनं १८९७-९८ च्या सुमाराच्या ‘द किस’ या वुडकटमध्ये हे तंतू पूर्ण चित्रभर बोलू दिले आहेत. त्यानं तर फळी करवतीनं कापून तुकडे वेगळे केले, वेगळ्या रंगांची शाई लावली आणि पुन्हा जुळवून एकदम छापले. बराखीच्या चित्रात मी फळी अशी धरते की तंतू उभे येतील, म्हणजे उजेडाच्या चिरा आणि लाकडाचे तंतू एकाच दिशेला धावतील. चिरा कोरताना हत्यार सरळ जातं आणि पट्ट्यांच्या काळ्या भागात खऱ्या लाकडाचा पोत आपोआप येतो.

चित्र फळीवर उतरवताना ते उलटं लागतं, कारण छापताना डावं-उजवं बदलतं. ट्रेसिंग पेपरवर काढायचं, कागद पालथा करायचा आणि कार्बननं फळीवर घ्यायचं. माणसाची आकृती उलटी झाली तरी फारसं बिघडत नाही, पण आजी उजव्या हातानं कांदा निवडते की डाव्या, हे तिला ओळखणाऱ्याला लगेच कळतं. अक्षरं असतील तर दोनदा आरशात पाहावं. आपली देवनागरी इथे थोडी सोय करते, कारण शिरोरेषेची लांब आडवी पट्टी अक्षरांना एका ओळीत बांधून ठेवते. पण ‘र’, ‘ट’, ‘ड’ यांची तोंडं कुठे वळतात ते हात सवयीनं विसरतो.

कार्बनवर कोरायला लागण्याआधी एक काम करावं. पातळ काळी शाई पाण्यात कालवून फळीवर एक हात मारावा. कार्बनच्या रेषा त्याखालून दिसत राहतात, आणि कोरलेली जागा लाकडाच्या मूळ फिक्या रंगात उघडी पडते. म्हणजे कोरता कोरताच चित्र समोर दिसतं. हे न करता पांढऱ्या फळीवर काम केलं तर किती काळं उरलंय याचा अंदाज येत नाही, आणि नवशिका माणूस नेहमी गरजेपेक्षा जास्त कोरतो. कोरलेलं परत जागेवर येत नाही, म्हणून शंका असेल ती जागा शेवटपर्यंत तशीच ठेवायची.

हत्यारं तीन प्रकारची. चाकू, गोल तोंडाच्या पटाश्या (त्यांना गाउज म्हणतात) आणि व्ही आकाराचं हत्यार. चाकूनं कड आखायची, व्हीनं रेषा काढायची, गाउजनं मोकळी जागा साफ करायची. दुकानात डब्यात मिळणारा संच बहुतेक वेळा बोथटच असतो. त्याला धार लावायला शिकणं हे कोरायला शिकण्याइतकंच महत्त्वाचं, आणि ते मला सुतारकाकांच्या कट्ट्यावर बसून आलं. दगडावर थोडं तेल, हत्याराचा उतार दगडाला पूर्ण टेकलेला, आणि गोल पटाशी असेल तर मनगट हळू वळवत पुढे न्यायचं. शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या चामड्यावर उलटं ओढायचं. धार नीट लागली की आडव्या तंतूंवरही काप चमकतो. बोथट हत्यार तिथे लाकूड फाडतं. हत्यार घसरून हाताला लागतं तेही बहुतेक धार गेल्यावरच, कारण मग जोर लावावा लागतो. डावा हात कायम पात्याच्या मागे. फळी अडवायला टेबलाच्या कडेला अडकणारी, खाली एक आणि वर एक पट्टी ठोकलेली छोटी पाटी करून घ्यावी. सुतार ती दहा मिनिटांत देतो.

कोरण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उताराची आहे. काळी राहणारी रेषा म्हणजे लाकडाची एक बारीक भिंत असते. तिच्या दोन्ही बाजूंना उतार बाहेरच्या दिशेला हवा, म्हणजे भिंत पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी बारीक. शेतातला बांध जसा खाली पसरट ठेवतात तसा. चाकू उलटा कलला आणि रेषा खालून पोखरली गेली, तर ती कोरताना टिकते, पण रोलरखाली किंवा काही प्रती निघाल्यावर तुटून पडते. मोठ्या पांढऱ्या जागा जास्त खोल घ्यायच्या, कारण तिथे कागद खाली झोळ धरतो आणि तळातल्या शाईला चिकटतो. बारीक चिरांना एक मिलिमीटरही पुरतो.

साफ केलेल्या जागेत गाउजच्या फेऱ्यांमधे उरलेले कंगोरे थोडी शाई धरतात आणि छापात बारीक फराटे येतात. काहीजण ते सगळे घासून काढतात. मला त्यातले बरेच हवे असतात. बराखीच्या जमिनीवर पडलेल्या उजेडात असे फराटे ठेवले की कांद्याची पातळ टरफलं पसरल्यासारखी दिसतात, आणि ती वेगळी काढावी लागत नाहीत. वक्र रेषेसाठी हत्यार वळवायचं नाही, फळी वळवायची. हात एका जागी, डाव्या हातानं फळी फिरवत राहायची. आजीच्या गालावरच्या सुरकुत्या मी अशाच काढते.

हे काम कुठेही होतं, हा त्याचा मोठा गुण. हॉस्टेलच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून, रात्री दिव्याशेजारी. भुसा उडतो, पण आवाज होत नाही. शनिवारी वाकडेवाडीहून एसटी धरली की फळी गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवते. चाकणला गाड्या अडकून पडल्या तरी घरी पोचून त्याच जागेपासून काम पुढे सुरू होतं. सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजच्या प्रेसपुढे रांग असते, तेव्हा घरून छापून आणलेली प्रत हातात असणं फार सुखाचं असतं.

घरात बसून, थोड्या साधनांत मोठं काम करणाऱ्यांची परंपराच या कलेत आहे. चित्तप्रसाद भट्टाचार्य बंगालचे, पण १९४६ नंतरचं त्यांचं बहुतेक आयुष्य मुंबईत, अंधेरीत गेलं. तिथे त्यांनी लिनो आणि लाकूड कोरून कष्टकरी माणसं आणि राबणारी मुलं छापली. जर्मनीच्या केथे कोल्विट्झ आयुष्यभर एचिंग आणि लिथो करत होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांचा धाकटा मुलगा गेला. त्या दुःखाला नेमकं माध्यम त्या शोधत होत्या, आणि १९२० साली बारलाख या कलाकाराचे वुडकट पाहिल्यावर त्या लाकडाकडे वळल्या. ‘युद्ध’ या मालिकेतले सात वुडकट १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एकमेकांना बिलगलेल्या आयांचं चित्र आहे. जवळजवळ सगळं काळं आणि त्यातून वर आलेले हात आणि चेहरे. किती कमी कोरून किती सांगता येतं, हे समजायला मी शिकणाऱ्याला आधी तेच पाहायला सांगेन.

कागदाकडे येते. प्रेसवर जाड कागद चालतो, हातानं घासायला पातळ पण चिवट लागतो. जपानी कागद आदर्श. नेपाळचा लोकता झाडाच्या सालीचा कागदही छान, आणि तो इथे मिळतो. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये उभी केलेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तिथला हलका कागद मी वापरते. आणि आमच्यापासून नारायणगावमार्गे थोडंच पुढे असलेलं जुन्नर तर एके काळी कागदासाठीच नावाजलेलं होतं. तिथली मुसलमान कागदी कुटुंबं हा कागद हातानं करत. पेशवाईच्या दप्तरात जुन्नरी कागद वापरात होता. लिहिण्याआधी तो दगडानं घोटून गुळगुळीत करत, म्हणजे बोरू अडकत नसे. कागद घोटणारा तो हात आणि छाप उतरवण्यासाठी कागदाच्या पाठीवर चमचा फिरवणारा आपला हात एकच हालचाल करतात. जुन्नरमध्ये आज पुन्हा असा कागद होऊ लागला तर त्यावर पहिला छाप काढायला मला फार आवडेल.

हातकागद जाड असेल तर छापण्याच्या आदल्या रात्री स्पंजनं हलका ओला करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पाटाखाली दाबून ठेवावा. सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी होते. ओला कागद लाकडाच्या चढउतारात नीट बसतो. पातळ कागद कोरडाच घ्यायचा.

शाई तेलाची हवी. कलेच्या दुकानातली ट्यूब परवडत नसेल तर ऑफसेटच्या छापखान्यात वापरतात ती काळी शाई चालते. घट्ट वाटली तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब. काचेच्या तुकड्यावर शाई पट्टीनं पसरवायची आणि रबरी रोलर उभा, आडवा, तिरका फिरवायचा, मधेमधे उचलत. नजरेपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवावा. शाई जाड असली की रोलर ओला, चिकट आवाज करतो. बरोबर पातळ झाली की बारीक, सारखी चरचर ऐकू येते. मग फळीवर. एकदम जाड थर दिला तर बारीक चिरा भरून जातात आणि बराखीचा उजेड बंद होतो. पातळ थर, पुन्हा काच, पुन्हा थर. पहिल्या एक-दोन प्रतींना कोरडं लाकूड शाई पिऊन घेतं, त्यामुळे त्या फिक्या येतात. त्यांना प्रूफ समजावं, त्यावर खडूनं दुरुस्त्या आखाव्या आणि पुन्हा कोरायला बसावं.

कागद ठेवताना दोन कोपरे धरून आधी एक कड टेकवायची आणि मग कागद सोडायचा. एकदा टेकला की सरकवायचा नाही. प्रत्येक प्रत एकाच जागी यावी म्हणून फळीभोवती पुठ्ठ्याचा कोन चिकटवून खुणा करून ठेवाव्यात. जपानी कारागीर या खुणा फळीच्याच कोपऱ्यात कोरतात, त्यांना केंतो म्हणतात. अनेक रंगांसाठी अनेक फळ्या वापरताना रंग जागच्या जागी पडतात ते त्यांच्यामुळे. कागदावर बटर पेपरचा तुकडा ठेवायचा, म्हणजे घासताना कागद फाटत नाही. मग चमचा. लाकडी चमच्याची फुगीर पाठ सगळ्यात चांगली. स्टीलचा डाव गरम होतो आणि कागदाला चमक आणतो, पण काम करतो. मधून कडेकडे, लहान लहान गोल, हात सगळा वापरून. मोकळ्या पांढऱ्या जागांवर चमचा नेऊच नये. कागद पातळ असेल तर जिथे शाई धरली तिथे तो पाठीमागून गडद दिसू लागतो, त्यावरून काय राहिलं ते कळतं. शेवटी एका कोपऱ्यावर तळहात दाबून ठेवायचा आणि समोरचा कोपरा हळूच उचलून पाहायचा. काळं ठिपकेदार असेल तर कागद न हलवता परत खाली सोडून पुन्हा घासायचं.

प्रेसवर ही सगळी खटपट एका फेरीत होते, पण चमच्यानं एक गोष्ट मिळते जी प्रेस देत नाही: दाब जागोजागी बदलता येतो. आजीच्या पाठीमागचा अंधार मी पूर्ण घट्ट करते आणि छपराजवळ हात हलका ठेवते. तिथे काळं थोडं विरळ येतं, धुळीनं भरलेल्या हवेसारखं. लाकडाकडे करडा रंग नाही असं वर म्हटलं. तो असा चमच्याकडून मिळतो. त्यामुळे हातानं काढलेल्या प्रती एकमेकींपासून जराशा वेगळ्या असतात, आणि परीक्षक विचारतील तेव्हा हे त्यांना निर्धास्त सांगावं.

छाप दोरीवर चिमट्यानं लावून सुकवायचे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, पावसाळ्यात आठवडाभर. कांदा भरण्याच्या दिवसांत बाहेर लावू नयेत. टरफलं ओल्या शाईवर येऊन बसतात. रोलर आणि काच पुसायला रॉकेलची गरज नाही. आधी गोडेतेलात भिजवलेल्या चिंधीनं शाई सैल करायची, मग भांड्याच्या साबणानं धुवायची. फळी मात्र पाण्यात घालायची नाही. कोरडी पुसून, उभी न ठेवता आडवी, दोन कागदांत ठेवायची.

रंग हवे असतील तर प्रत्येक रंगाला वेगळी फळी करावी, किंवा एकाच फळीवरून आधी फिका रंग सगळ्या कागदांवर छापावा, मग आणखी कोरून त्यावर गडद रंग. पिकासोनं १९५० च्या दशकाच्या अखेरीस लिनोवर ही दुसरी पद्धत गाजवली. तिच्यात मागे फिरता येत नाही, कारण पुढचा रंग छापताना आधीची फळी संपलेली असते. किती प्रती हव्यात ते पहिल्याच रंगाला ठरवावं लागतं. बराखीला मी रंग लावत नाही. कांद्याचा लाल रंग मोहात पाडतो, पण तो घातला की डोळा उजेडावरून हलतो.

प्रती सुकल्या की चित्राखाली पेन्सिलीनं डावीकडे क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही. ३/१५ म्हणजे पंधरापैकी तिसरी. कलाकारानं स्वतःसाठी ठेवलेल्या थोड्या प्रतींवर आकड्याऐवजी ए. पी. लिहितात. आवृत्ती पंधराची ठरवली तर सोळावी काढायची नाही. विकत घेणाऱ्याशी तो करार असतो. म्हणून काहीजण शेवटी फळीवर आडवी चीर मारतात. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागासाठी किंवा बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनासाठी प्रवेशिका भरताना आवृत्तीचा आकडा आणि माध्यम स्पष्ट लिहावं. ‘हातानं घासून काढलेला वुडकट’ असं लिहायला अजिबात कचरू नये.

कुणाला सुरुवात करायची असेल तर मोठा संच घेऊ नका. एक चाकू, एक मधला गाउज, एक व्ही, रोलर चार इंची, एक काच. फळी वहीच्या पानाएवढी, त्याहून मोठी नको, कारण मोठ्या फळीवर शाई सारखी ठेवता ठेवता हात दमतो आणि माणूस कोरण्याचं शिकायचं विसरतो. सुताराकडून जुनं लाकूड, घरातून लाकडी चमचा. पहिल्या फळीवर चित्र काढूच नका. सरळ, तिरक्या, गोल रेषा, जवळजवळ आणि लांबलांब, तंतूंच्या दिशेनं आणि आडव्या, एवढंच कोरा आणि छापा. कुठल्या हत्याराची कुठली खूण कागदावर कशी येते ते त्या एका पानावर कळतं, आणि ते पान पुढे वर्षभर भिंतीवर लावून ठेवण्यासारखं असतं.